डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे

'केंब्रिज हे साउथ केंब्रिजशर जिल्ह्याचं मुख्यालय' हे इंग्लंडमधल्या या भागावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. केंब्रिज शहर या डिस्ट्रिक्टमध्ये येतच नाही! नकाशा उघडून पाहा. शहराचा स्वतंत्र डिस्ट्रिक्ट आहे आणि साउथ केंब्रिजशरने त्याला चहूबाजूंनी कडं घातलंय. साउथ केंब्रिजशरच्या कौन्सिलचं (तिथला कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाचं) कार्यालय केंब्रिजच्या पश्चिमेला, केंबोर्न या नव्याने वसवलेल्या गावात आहे. पूर्वी ते शहरातच होतं, म्हणून कदाचित गल्लत झाली असेल.

मुळात डिस्ट्रिक्टला 'जिल्हा' म्हटलं की घोटाळा होतो. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाते ती काउंटी. डिस्ट्रिक्ट साधारण तालुक्यासारखा. रस्ते, शाळा, वृद्धांची देखभाल काउंटीकडे. कचरा उचलणं, घरबांधणीच्या परवानग्या डिस्ट्रिक्टकडे. मी तिथल्या एका खेड्यात पाच वर्षं राहिले. दर वसंतात काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचं बिल यायचं ते डिस्ट्रिक्टकडून, पण आत काउंटी, पोलीस, अग्निशमन, डिस्ट्रिक्ट आणि गावचं पॅरिश कौन्सिल (आपल्या ग्रामपंचायतीसारखं) अशा वेगवेगळ्या ओळी. सगळ्यात मोठा आकडा काउंटीचा, डिस्ट्रिक्टच्या वाट्याला त्यातला लहानसा भाग. कचऱ्याचे काळे, निळे, हिरवे डबे मात्र डिस्ट्रिक्टचे. कुठल्या आठवड्यात कुठला डबा बाहेर ठेवायचा, याचं कॅलेंडर आमच्या फ्रिजवर कायम चिकटवलेलं असे. पहिलं बिल हातात पडलं तेव्हाच मला ही उतरंड कळली. लेखात ती दोन ओळींत तरी यायला हवी होती, कारण तिथे शिकायला-नोकरीला जाणारी आपली मुलं रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार डिस्ट्रिक्टकडे करत बसतात.