चकली शोधताना

फाल्गुनी अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाडवा. सगळी डोंबिवली चक्क्याच्या रांगेत उभी असताना मी आठ इंची, म्हणजे आठ इंच रुंद तोंडाची दुर्बीण गाडीत कोंबत होतो. वॉचमननं विचारलं, "साहेब, बंब कुठं निघाला?"

बंब निघाला होता वांगणीपलीकडे, मामाच्या शेतावर. बघायची होती एम ५१, म्हणजे भोवरा दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक पसारा. फोटोत ती सोऱ्यातून पाडलेल्या सुबक चकलीसारखी दिसते. ती चकली एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, एवढंच माझं म्हणणं. बायकोचं म्हणणं, "फोटोत दिसतेय ना, मग?"

पत्ता तसा सोपा. सप्तर्षींच्या शेपटाचं टोक म्हणजे मरीची, तिथून साधारण साडेतीन अंशांवर. पण त्याआधी डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. पंचविसाव्या मिनिटाला मामाला माझी दया आली. "अरे, अंधारात काय धडपडतोस?" म्हणत त्यानं गोठ्यावरचा हॅलोजन लावला. पुन्हा अर्धा तास. मग बायकोनं किती वाजले ते बघायला मोबाइल उघडला. पुन्हा अर्धा तास.

रात्री एकला दुर्बिणीत दिसले ते चकलीच्या पिठाचे दोन गोळे. एक मोठा, शेजारी एक लहान. लहान गोळा म्हणजे वेगळीच दीर्घिका. वेढे मात्र एकीलाही नाहीत.

१७७३ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएलाही वेढे दिसले नव्हते. पण तो धूमकेतू शोधत होता, त्याला चकली नकोच होती. धूमकेतू समजून पुन्हा फसायला नको म्हणून असले गोळे तो यादीत टाकत गेला. वेढे दिसले १८४५ मध्ये, आयर्लंडात, लॉर्ड रॉसना. त्यांची दुर्बीण बहात्तर इंची होती. तिला वॉचमन काय म्हणाला असता कोण जाणे.

अंधुक वस्तू बघायची एक युक्ती असते. थेट तिच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. मंद उजेड डोळ्याच्या कडेलाच जास्त कळतो. कॉलेजात हे मी तीन वर्षं केलं होतं. तेव्हाही हाती काही लागलं नव्हतं.

मामीनं डोळा लावला. "अगं बाई, हे तर मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रोज दिसायचं!"

"मामी, हा उजेड दोन कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निघालाय."

"मग दमला असेल रे. म्हणून फिका दिसतोय."

शेवटी बायको वाकली. बराच वेळ हलली नाही. मी श्वास रोखून उभा.

"अहो, दिसली की! वेढेसुद्धा!"

मी झडप घालून डोळा लावला. दोन गोळे.

"कुठं?"

"आत्ता होते. चला, निघू या आता. चक्का आंबट होईल."