आधी पैशाचं बोला, मग निबंधाचं

मी बँकेत एज्युकेशन लोनच्या टेबलवर बसतो, सांगलीत. दर वर्षी मे-जून आला की फायली घेऊन आईबाप येतात आणि त्यातली अमेरिकेला बारावीनंतर जाणारी मुलं (एमएसवाली नाही, ती वेगळी जत्रा) हल्ली वाढलीयेत. परवा एका मित्राने विचारलं की मुलीला सॅटला (तिकडच्या कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा) १५१० पडलेत, चान्स किती? मी म्हटलं आधी सांग तुझ्याकडे पैसे किती. तो जरा दुखावला. म्हणून हे सविस्तर लिहितोय, लांब होईल, वाचा नाहीतर सोडा.

माझ्या भाचीलाही १५१०च पडले होते. १६०० पैकी. ताई-दाजींनी पेढे वाटले, आणि कन्सल्टन्सीवाल्याने (नाव घेत नाही) सांगितलं की अजून एकदा द्या, १५५० झाले की बघा काय होतं ते. परत फी, परत दोन महिने. आता माझं मत असं की हा स्कोअर म्हणजे दारावरचा वॉचमन, तो तुम्हाला आत सोडतो, पुढे पंगतीत ताट मांडायचं काम त्याचं नाही. कोरोनात बहुतेक कॉलेजांनी तो ऐच्छिक केला होता, मग एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्तीचा केला आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड अशी रांगच लागली. डार्टमथने तर सरळ सांगितलं की गरीब घरातली मुलं आपला स्कोअर कमी समजून लपवतात आणि तोच स्कोअर दाखवला असता तर त्यांचा फायदा झाला असता. उलट कॅलिफोर्नियाची सरकारी युनिव्हर्सिटी, बर्कली-यूसीएलए वगैरे, तुम्ही १६०० पाठवले तरी प्रवेशासाठी बघतच नाही. म्हणजे एकच आकडा, एका दारात पास आणि दुसऱ्या दारात रद्दी.

निबंधाचं मात्र मला फार वाईट वाटलं. कॉमन अ‍ॅपचा (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच सामाईक अर्ज) मुख्य निबंध, जास्तीत जास्त ६५० शब्द, शिवाय बरीच कॉलेजं 'आमच्याकडेच का यायचंय' छाप आपापले छोटे निबंध मागतात ते वेगळेच. दाजींचा छोटा छापखाना आहे. भाची तिसरी-चौथीत असल्यापासून लग्नपत्रिकांची प्रुफं वाचते, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सगळं. एकदा तिच्या नजरेतून मुहूर्त निसटला, १२:३५ चं १२:५३ झालं, पाचशे पत्रिका छापून तयार, आणि मग बाप-लेकीने रात्रभर बसून बारीक चिकटपट्ट्या लावल्या. हे तिने लिहिलं होतं. त्यात ती त्या वयात आपण चुकलो हे बापाला सांगायला किती घाबरली होती ते इतकं खरं उतरलं होतं की मी, बँकेतला माणूस, दोनदा वाचलं. कन्सल्टन्सीवाला म्हणाला यात लीडरशिप दिसत नाही. मग त्या चिकटपट्ट्या गेल्या आणि तिथे झोपडपट्टीतल्या मुलांना शिकवल्याचा परिच्छेद आला. ती तिथे तीन रविवार गेली होती, फोटो काढायला एक. अहो तिकडे निबंध वाचणारा माणूस दिवसभर हेच वाचतो, प्रत्येक अर्जात एक झोपडपट्टी आणि एक साक्षात्कार, त्याला काय नवल वाटणार. छापखाना मात्र त्या ढिगात एकच असता.

तर आता पैसे. मोठ्या खासगी कॉलेजचा सगळा खर्च धरला, फी, राहणं, जेवण, तर वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे ढोबळ ७० लाख. गुणिले चार. यावर सगळे म्हणतात की मदत मिळते ना. मिळते, पण इथे एक मेख आहे जी आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही. काही कॉलेजं अर्ज वाचताना तुमची पैशाची गरज बघतच नाहीत, त्याला म्हणतात नीड-ब्लाइंड. परदेशी मुलांसाठीही असं करणारी आणि वर पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं अगदी मोजकी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अजून थोडी. तिथे पैसा आड येत नाही पण तिथली गर्दी तुम्हाला माहितीच आहे. बाकीची बहुतेक, अगदी स्टॅनफर्डसुद्धा, परदेशी मुलांच्या बाबतीत नीड-अवेअर. म्हणजे फॉर्मवर 'मदत हवी' वर टिक केली की तुमची फाईल वेगळ्या तराजूत जाते. खोटं काही नाही त्यात, ते स्वतःच वेबसाईटवर लिहितात. पण आपण ते वाचत नाही, आपण निबंधातला स्वल्पविराम बघत बसतो.

बरं मग टिकच करू नका, आत गेल्यावर मागू, असं कोणीतरी हुशार माणूस सांगतो. बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर नंतर चार वर्षं मागता येत नाही. आणि आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मिळायच्या आधी पहिल्या वर्षाचे पैसे कुठून येणार ते कागदावर दाखवावं लागतंच, तेव्हा सोंग उघडं पडतं.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचंच नाही हां. राज चेट्टी या अर्थशास्त्रज्ञाचा आणि त्यांच्या टीमचा २०२३ चा अभ्यास आहे, अमेरिकन मुलांवरच केलेला. सॅटचे मार्क सारखे असले तरी सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरातलं मूल आयव्ही (हार्वर्ड-येल वगैरे आठ जुनी नावाजलेली खासगी कॉलेजं) आणि तसली अजून चार अशा १२ कॉलेजांत शिकायला पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त. प्रवेशात झुकतं माप मिळण्याची कारणं काय तर बाप तिथेच शिकलेला, महागडे खेळ, आणि भारी शाळांची शिफारसपत्रं. आपण आपल्या कोट्यावरून भांडतो, त्यांचा कोटा असा छुपा असतो.

दाजींनी मदत मागायचा सीएसएस प्रोफाईल नावाचा फॉर्म भरला तेव्हा मी शेजारी होतो. घर, जमीन, सोनंनाणं, धंद्याची मालमत्ता, सगळं विचारतात. दाजी वैतागले, "माझ्या कटिंग मशीनची किंमत ह्यांना कशाला हवी?" अकरा कॉलेजांत अर्ज केला होता. आठ नकार, दोन वेटलिस्ट, आणि एकाने प्रवेश दिला, अभिनंदनाचं सुंदर पत्र, मदत शून्य. ह्याला तिकडे अ‍ॅडमिट-डिनाय म्हणतात, नाव सुद्धा आहे त्याला. ताई म्हणाली कर्ज काढू. माझ्याच टेबलवर तिला सांगावं लागलं की साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, आणि शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत राहतं. भाची आता पुण्यात स्टॅटिस्टिक्स करतेय, मजेत आहे, दिवाळीत येते तेव्हा प्रुफं अजूनही तीच वाचते.

एक कामाचं सांगतो. बहुतेक कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाचा कागद दर वर्षी नेटवर टाकतात, फुकट. त्यात सी-सेव्हन नावाच्या तक्त्यात स्कोअरला, निबंधाला, घरातलं कोणी तिथे शिकलेलं असण्याला ते किती महत्त्व देतात ते लिहिलेलं असतं, आणि एच-सिक्समध्ये परदेशी मुलांना मदत देतात का, किती जणांना दिली, सरासरी किती. अर्धा तास लागतो. अकरापैकी सात नावं आम्ही तिथेच खोडली असती, अर्जाची फी वाचली असती ती वेगळीच.

कालच एक गृहस्थ आले होते मुलाला घेऊन, १५४०, यादी हातात. मी विचारलं वर्षाला किती काढू शकाल, खरा आकडा सांगा. ते थोडा वेळ यादीकडे बघत राहिले, मग मुलाला म्हणाले, "तू जरा बाहेर बस रे."