येमेनला ‘फक्त वस्तू पाठवा’ म्हणणाऱ्यांसाठी डिझेलचा आणि पगाराचा हिशेब

येमेनमधल्या मदतकार्याबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘आंतरराष्ट्रीय संस्था तिथं पगार, डिझेल आणि बैठकांवर पैसा उडवतात. त्यापेक्षा तहानलेल्यांना बाटलीबंद पाणी द्या, भुकेल्या मुलांना दुधाची पावडर द्या, आजाऱ्यांना औषधं द्या. नळयोजनांचं काय ते युद्ध संपल्यावर बघू. आणि नाही तरी सगळं हौथीच खातात.’ (हौथी म्हणजे राजधानी सना आणि उत्तर येमेन ताब्यात असलेला सशस्त्र गट.)

बैठकांची बाजू घ्यायला आम्ही बसलेलो नाही. बाकीचं मात्र एकेक करून तपासायला हवं.

‘बाटलीबंद पाणी पाठवा’

आधी वजन बघा. आपत्तीकाळातला किमान निकष माणशी रोज १५ लिटरचा आहे. पिणं, स्वयंपाक, हात-अंग धुणं सगळं त्यात आलं. १०,००० लोकांच्या छावणीला रोज दीड लाख लिटर, म्हणजे १५० टन. वीस टनी ट्रक आठ, तेही रोज. नुसतं प्यायचं पाणी म्हणून माणशी तीन लिटर धरले तरी ३० टन होतात, आणि मग हात धुवायला थेंब उरत नाही. हे अशा देशात, जिथं २०१७ च्या एप्रिल ते डिसेंबरमध्ये कॉलऱ्याचे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले.

आता तेच दीड लाख लिटर १०० मीटर खोल बोअरवेलमधून उपसा. पंप, मोटर आणि पाइपातली घट धरून साधारण ९० युनिट वीज लागते. जनरेटर एका लिटर डिझेलवर तीनेक युनिट देतो, म्हणजे दिवसाला ३० लिटर डिझेल. सना खोऱ्यात पाणी फार खाली गेलंय. तिथं ३०० मीटरवरून उपसायचं झालं तर ९० लिटर. होदेदा बंदरातून सनाचा घाट चढणाऱ्या एका भरलेल्या ट्रकला एका खेपेत जवळपास तेवढं लागतंच, आणि तुम्हाला असे आठ ट्रक हवेत.

नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदरं बंद झाली तेव्हा होदेदा, सादा आणि तैझ शहरांचा पाणीपुरवठा थांबला. विहिरी आटल्या नव्हत्या, पंपही बिघडले नव्हते. इंधन संपलं होतं.

नुसतं डिझेलही पुरत नाही, हे खरं. रोज १६ तास चालणाऱ्या जनरेटरचं ऑइल आणि फिल्टर साधारण २५० तासांनी बदलावे लागतात, म्हणजे पंधरवड्याला एकदा. ‘अजून चालतोय की’ म्हणून दोन-तीन वेळा टाळलं की इंजिन बसतं, आणि त्याचे सुटे भाग बंदरात महिनोन्महिने अडकतात. सौर पंप हा चांगला पर्याय आहे, पण तो दिवसाच चालतो. तेव्हा उंच टाकी हवी, आणि पाणीपातळी घसरली की पंप आपोआप बंद करणारा इलेक्ट्रोडही हवा. तो नसेल तर पंप कोरडा फिरून जळतो. शिवाय ऊन फुकट म्हणून उपसा बेसुमार होतो. आधीच खोल गेलेल्या भूजलासाठी ते वाईटच.

मग क्लोरीन. १०,००० लिटरच्या टँकरला लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर २० ग्रॅम क्लोरीन हवं. ६५ ते ७० टक्के ताकदीचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर ३० ग्रॅम पावडर. ती कोरडीच टँकरमध्ये टाकायची नाही. बादलीत विरघळवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ टँकर भरत असताना ओतायचं. अर्धा तास थांबायचं आणि मग उरलेलं क्लोरीन मोजायचं. एरवी नळाशी लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम चालतं, कॉलऱ्याच्या साथीत किमान ०.५ हवं. पाणी गढूळ असेल तर गाळच क्लोरीन खातो. पावडर तापलेल्या गोदामात पडून राहिली तर तिची ताकद जाते, आणि मोजून टाकलेली मात्राही अपुरी पडते. टँकरपाशी आकडा बरोबर आला तरी घरातल्या कळकट कॅनमध्ये तो शून्यावर येतो, म्हणून मोजणाऱ्याने घरापर्यंत जायचं असतं. हा मोजणारा माणूस फुकट येत नाही.

‘मुलांना दुधाची पावडर द्या’

मजकुरातली सगळ्यात धोकादायक सूचना हीच आहे. पावडर कालवायला स्वच्छ पाणी, उकळायला इंधन आणि धुतलेली भांडी लागतात. नेमकं तेच तिथं नाही. डबा पुरवायचा म्हणून आई दूध पातळ करते. बाळ पावडरवर गेलं की अंगावरचं दूध कमी होतं. आठवड्या-दोन आठवड्यांत जुलाब आणि कुपोषण एकमेकांना वाढवायला लागतात. म्हणून आणीबाणीत सरसकट दूध पावडर वाटायची नाही, हा नियम आहे. आईविना वाढणाऱ्या तान्ह्यांची सोय वेगळी, देखरेखीखाली होते.

कुपोषित मुलाचं काम दंडघेराच्या पट्टीपासून सुरू होतं. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खड्डा पडणारी सूज असेल, तर ते तीव्र कुपोषित. मग भुकेची चाचणी: मुलाने आपल्यासमोर उपचाराची तयार पेस्ट खाऊन दाखवायची. खाल्ली आणि इतर गुंतागुंत नसली तर घरीच उपचार होतात. शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वांच्या या पेस्टचं पाकीट ९२ ग्रॅमचं, ५०० किलोकॅलरींचं. तिच्यात पाणी जवळपास नसल्याने जंतू सहसा वाढत नाहीत, आणि कालवावीही लागत नाही. एका मुलाच्या सहा-आठ आठवड्यांच्या उपचाराला १५० पाकिटांचं एक खोकं लागतं.

मूल खात नसेल, तापलेलं किंवा मलूल असेल, तर दवाखान्यात भरती. तिथं आधी एफ-७५ हे उपचाराचं पातळ दूध, १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. उपाशी शरीरावर एकदम भरपूर अन्नाचा मारा केला तर रक्तातले क्षार ढासळतात, हृदय दगावतं. चांगल्या मनाने दिलेल्या पोटभर जेवणाने मूल जातं ते असं. रात्री दोन आणि चारला वाटी घेऊन उठणाऱ्या परिचारिकेची तरतूद ‘पगार’ या रकान्यात असते.

‘औषधं पाठवा, पगार कशाला?’

ऑगस्ट २०१६ च्या सुमारास येमेनमधल्या बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. त्याच वर्षीच्या पाहणीत १६ प्रांतांतली जेमतेम ४५ टक्के आरोग्य केंद्रं पूर्ण चालू सापडली. जानेवारी २०१७ पासून जागतिक बँकेचा पैसा युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेमार्फत केंद्रांच्या चालू खर्चाकडे वळवला गेला, तो यासाठीच. कर्मचाऱ्यांना मिळतो तो बहुधा पूर्ण पगार नसून भत्ता असतो. त्यातही हौथींकडच्या सनामध्ये आणि त्यांच्या विरोधकांकडच्या एडनमध्ये रियालचे (तिथल्या चलनाचे) दर वेगळे आहेत, त्यामुळे एकाच रकमेची दोन ठिकाणी दोन किमती होतात.

कॉलऱ्याचा ५० किलो वजनाचा, पूर्ण शुष्क झालेला रुग्ण घ्या. रिंगर्स लॅक्टेट (क्षारांचं सलाइन) शिरेतून पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर, पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर. नुसतं ग्लुकोजचं सलाइन इथं कामाचं नाही. नाडी भरेपर्यंत पुन्हा पुन्हा बघायची, घोट घेता येऊ लागला की लगेच जलसंजीवनी. वर्षाच्या आतल्या बाळाला वजनाच्या याच प्रमाणात मोजलेली मात्रा दुप्पट वेळात, नाही तर फुप्फुसात पाणी भरतं. असे उपचार मिळाले तर मृत्यू एक टक्क्याच्या खाली राहतात. न मिळाले तर गंभीर रुग्णांपैकी निम्मेही दगावू शकतात. खोकं सलाइन लावत नाही.

लसींचंही तेच. २ ते ८ अंशांमध्ये ठेवायच्या, दिवसातून दोनदा तापमान लिहायचं. पाच रोगांवरची पेंटाव्हॅलेंट लस एकदा गोठली की वाया गेली. कुपीवरचं व्हीव्हीएम हे रंग बदलणारं चिन्ह उष्णता दाखवतं, गोठणं दाखवत नाही. ते ओळखायला कुपी हलवून, गोठवलेल्या कुपीशी ताडून बघणारा शिकलेला माणूस लागतो.

‘नळयोजना युद्धानंतर’

हौथींनी सना घेतलं सप्टेंबर २०१४ मध्ये. त्या वर्षी जन्मलेलं मूल पाच वर्षांचं होऊन गेलं तरी लढाई चालूच होती. याहून जास्त उत्तराची या मुद्द्याला गरज नाही.

‘सगळं हौथीच खातात’

‘सगळं’ हा शब्द काढला तर या मुद्द्यात तथ्य आहे. मदत वळवली जाते या कारणावरून जून २०१९ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने सनामधलं धान्यवाटप काही प्रमाणात थांबवलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तरेतलं सर्वसाधारण वाटप निधी आटल्यामुळे आणि तिथल्या हौथी अधिकाऱ्यांशी एकमत न झाल्यामुळे थांबलं. तपासणीच करू देत नसतील तिथं थांबणं योग्यच.

पण बाजारात सहज काय विकलं जातं? पोती, डबे, बाटल्या. मजकूर जे पाठवा म्हणतो, नेमकं तेच. टोचलेली लस किंवा नळातलं क्लोरीन विकता येत नाही. डिझेल चोरता येतं, म्हणून त्याचा ताळा ठेवतात: टाकीतली डिपस्टिक, जनरेटरचे तास आणि पाण्याचं मीटर, तिन्ही एकाच नोंदवहीत. वरच्या १०० मीटरच्या बोअरला हजार लिटरमागे ०.२ लिटर डिझेल पडतं. हा आकडा ०.३५ वर गेला की आधी पाणीपातळी मोजायची. ती घसरली असेल तर कारण जमिनीत आहे. पातळी तीच असेल तर पंपाचा दाब आणि प्रवाह तपासायचा. झीज दिसली तर पंप उपसून काढायचा. झीजही नसेल, तर इंधन पुरवठादाराची बिलं उघडायची.