बावीस जीबीचं लग्न

दोन टीबीची हार्ड डिस्क घरी आणून लावली, तर ती निघाली १.८१ टीबीची. दुकानात भांडायला निघणार, तेवढ्यात कळलं की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. तेही पचवलं. मग 'फॉरमॅट'वर क्लिक केलं, तर प्रश्न आला: एनटीएफएस की एक्सफॅट? (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या या पद्धती.) शिवाय खाली 'अलोकेशन युनिट साइज'. अहो, लग्नाचा व्हिडिओ ठेवायचाय, अणुभट्टी नाही चालवायची!

लग्न धाकट्या बहिणीचं. व्हिडिओवाल्याने अख्खं लग्न एकाच बावीस जीबीच्या फाइलमध्ये दिलं होतं (त्यात निम्मं ड्रोनमधून दिसणारं मांडवाचं छत). ते बघायचं होतं बाबांना जुन्या टीव्हीवर, दाजींना मॅकवर, भाच्याला लिनक्सवर आणि मला विंडोजवर.

बाबांचा टीव्ही फक्त फॅट३२ ओळखतो. हे १९९६ चं फॉरमॅट सगळ्यांशी जमवून घेतं, पण चार जीबीची एक फाइलही त्याला पेलत नाही. म्हणजे लग्नाचे सहा तुकडे. "कर की," बाबा म्हणाले, "खर्चाचे हप्ते तर अजून चालूच आहेत."

एनटीएफएस घेतलं तर मॅक ते वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. दाजींना नेमके स्वतः काढलेले साडेतीनशे फोटो त्यात घालायचे होते, त्यामुळे क्षणभर मला एनटीएफएसच योग्य वाटलं. मॅकचं एपीएफएस घ्यावं तर विंडोज ओळखच दाखवत नाही. "मामा, ईएक्सटी४ कर, भारी असतं," भाचा म्हणाला. आमच्या घरात ते फक्त त्याच्याच लॅपटॉपवर उघडणार होतं, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

उरलं एक्सफॅट. मोठी फाइल चालते, विंडोज आणि मॅक दोघेही लिहितात, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केल्यापासून लिनक्सचाही रुसवा गेला. फक्त त्यात जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंदवही, नसतं; कॉपी चालू असताना वायर उपटली तर डेटाचं काही खरं नाही. आमच्याकडे मिक्सरसुद्धा प्लग उपटून बंद करतात. म्हणून डिस्क माझ्या कपाटात, कुलपात.

टीव्हीने एक्सफॅटला अर्थातच दाद दिली नाही. बाबांना बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हवर सहा तुकडे करून दिले. चौथा तुकडा 'शुभमंगल'वर संपतो आणि 'सावधान' पाचव्यात येतं. बाबांना रिमोट सापडेपर्यंत बहीण दर वेळी अविवाहितच असते.