शाळेच्या सकाळीच दुखणारे पोट

"शाळा बुडवणाऱ्या पोराची पोटदुखी म्हणजे नाटक. दोन थोबाडीत द्या, मोबाइल काढून घ्या, शाळेच्या दारात नेऊन सोडा. सयाजीराव महाराजांनी धाक घालूनच बडोद्याला शिकवले." हा संदेश बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या ताईला एकाच दिवशी तिघा नातेवाइकांनी पाठवला. तिचा मुलगा नववीत आहे आणि दिवाळीपासून त्याची शाळा जवळजवळ सुटली आहे.

नाटक म्हणणाऱ्यांनी त्याची एक सकाळ पाहावी. मी पाहिली आहे. गणवेश घालून, एका पायात बूट चढवून तो जिन्यात बसला होता. दुसऱ्या बुटाची नाडी हातात तशीच होती आणि गारठ्यातही कपाळावर घाम होता. खाली रिक्षाचा भोंगा वाजला तसा तो मोरीकडे धावला आणि ओकला. भीतीने पचन बिघडते, मळमळते, पोटात मुरडा येतो. दुखणे खरेच असते, फक्त त्याचे कारण पोटात नसते. उनाडक्या करणारा मुलगा घरच्यांपासून लपवून बाहेर भटकतो; हा घरातच बसून बुडलेल्या अभ्यासासाठी रडतो, रविवारी संध्याकाळपासून जेवत नाही आणि सुट्टीत मात्र ठणठणीत असतो. डॉक्टरांनी आजार नाही असे सांगितल्यावर विचारायचे ते हे, की शाळेत त्याला कोण छळते, कोणत्या तासाची धास्ती वाटते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. ही सगळी मुले नाटकी ठरवायची काय? थोबाडीत मारल्याने शाळेच्या भीतीत घराच्या भीतीची भर पडते आणि मूल बोलायचेच बंद होते.

मोबाइलमुळे झोप बिघडते, एवढे मान्य. मूल जितके दिवस घरी राहील तितके परतणे अवघड होते, हेही नाइलाजाने मान्य करतो. पण त्यावरचा उपाय फरफटत नेणे हा नसून, विश्वासातल्या एखाद्या शिक्षकांशी बोलून सुरुवातीला दोन तासांपुरते पाठवणे हा आहे.

राहिले महाराज. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले हे खरे, परंतु मुलाला शाळेत न पाठवल्याचा दंड पालकांना होत असे. त्या कायद्याचा आधार घेऊन चौदा वर्षांच्या घाबरलेल्या मुलावर हात उगारायला सांगणे हा महाराजांच्या नावाचा गैरवापर आहे.

संदेश पाठवणाऱ्या तिघांपैकी एकानेही अजून ताईला फोन करून मुलगा कसा आहे, हे विचारलेले नाही.