बोंडअळी रुईवर नाही, पऱ्हाटीत आहे

“सांदवाडीत फुलपाखरांची झाडं लावू नका. आजचं फुलपाखरू म्हणजे उद्याची बोंडअळी. रुई, तरोटा, एरंडी दिसली की उपटा. हौसच असेल तर झेंडू लावा. पंखांची भुकटी डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो.” हा निरोप सध्या आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. (सांदवाडी म्हणजे घराची परसबाग, तरोटा म्हणजे टाकळा.) सासूबाई तर तो ऐकून विळा घेऊनच निघाल्या.

आधी बोंडअळी, म्हणजे कपाशीची बोंडं पोखरणारी अळी. गुलाबी असो की हिरवी, ती पतंगाची पोर, फुलपाखराची नव्हे. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंगाला ओढणाऱ्या) अडकलेला पतंग जवळून बघा: मळकट रंग, दोऱ्यासारख्या मिशा, फिरणं रात्रीचं. फुलपाखरू दिवसा उडतं आणि त्याच्या मिशांच्या टोकाला गाठ असते.

आता रुई. आमची न्हाणीच्या पाण्यावर वाढलीय. शनिवारी मारुतीच्या हारासाठी पानं तोडताना पानाखाली ती अळी दिसते: काळे, पांढरे, पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराची. रुईचा चीक पचवून ती इतकी कडू होते की पाखरं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. हिला उचलून कपाशीच्या पानावर ठेवा, उपाशी मरेल. तरोट्याचंही तसंच, त्यावर पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात, आणि पावसाळ्यात कोवळी पानं आपण भाजीला खुडतोच.

एरंडीबद्दल मात्र निरोपात अर्धं खरं आहे. तिच्यावर तंबाखूची पानं खाणारी अळी येते, पण तीही पतंगाचीच. म्हणून तर जाणते शेतकरी कपाशीच्या कडेनं मुद्दाम एरंडी लावतात: अंड्यांचा पुंजका दिसला की पानासकट खुडून नष्ट करायचा.

फुलपाखरं अगदीच निर्दोष आहेत असंही नाही. तुरीच्या, बरबटीच्या (चवळीच्या) शेंगांत एका इवल्या निळ्या फुलपाखराची अळी शिरते. लिंबाच्या नवतीवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, तीही फुलपाखराचीच. डिवचली की नारिंगी शिंगं काढून वास सोडते. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या कोवळ्या कलमांवर ती आली की बागायतदार वैतागतो, आणि ते बरोबरच आहे. पण सांदवाडीतल्या मोठ्या लिंबाला चार पानं गेली तर काही होत नाही. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मनसुद्धा याच लिंबाच्या कुळावर पोसलं जातं.

राहिला झेंडू. त्यावर फुलपाखरं मध प्यायला येतील, रायमुनियावरही (घाणेरीवरही) येतील, पण अंडी घालायला नाही. गोडनिंब, बेल, रुई नसेल तर फुलपाखरं पाहुण्यासारखी येऊन जातील. भुकटीनं आंधळं कोणी होत नाही. ते बारीक खवले असतात, डोळ्यात गेले तर चुरचुरतं, पाण्यानं धुवायचं.

सांदवाडीत बोंडअळी असतेच, पण ती गोठ्याला टेकवून ठेवलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे उपटलेल्या कपाशीच्या वाळक्या झाडांत. फरदड (हंगाम संपल्यावरही झाडं ठेवून घेतलेला जादा कापूस) घेऊन उशिरा उपटलेल्या पऱ्हाटीला किडकी बोंडं लटकलेली असतात, त्यांत गुलाबी अळी सुस्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. मी सासूबाईंसमोर तसं एक बोंड फोडलं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्यामध्ये ती.

विळा परत खुंटीला गेला. पऱ्हाटी चुलीला लागतेच, म्हणून बोंडं आताच वेचून जाळायची आणि ढीग पावसाच्या आत संपवायचा, असं ठरलंय.