शिबिराचं माप आणि अभ्यासाचं माप

कोकणात आरोग्य शिबिरांना तोटा नाही. प्राथमिक शाळेच्या दोन खोल्या मिळतात, बॅनर लागतो, दुपारपर्यंत शे-दीडशे बायकांचं वजन-बीपी उरकतं. शिबिर म्हणून ते ठीकच आहे. जिचं बीपी फार चढलंय ती सापडली, तिला चिठ्ठी मिळाली, काम झालं. पण हल्ली त्याच आकड्यांचे तक्ते करून त्याला ‘स्त्री-आरोग्याचा अभ्यास’ म्हणायची पद्धत पडली आहे, आणि माझा आक्षेप तिथे आहे. अभ्यासात हर्णैच्या बाईचं माप देवगडच्या बाईच्या मापाशेजारी ठेवायचं असतं, आणि तिचंच माप पाच वर्षांनी पुन्हा घ्यायचं असतं. आलेला फरक बाईच्या तब्येतीतला की मोजणारीच्या सवयीतला, हे सांगता येत नसेल तर तक्ता कितीही रंगीत केला तरी उपयोग नाही. अमेरिकेत रजोनिवृत्तीवरचा ‘स्वान’ अभ्यास ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ बायकांपासून सुरू झाला, सात केंद्रांवर, आणि त्याच बायकांना पुन्हा पुन्हा तपासत वर्षानुवर्षं चालला. सातही ठिकाणी बीपीचा पट्टा एकाच पद्धतीने गुंडाळला जात होता, म्हणूनच त्या आकड्यांना किंमत आहे.

सगळ्यात जास्त गफलत होते ती बीपीत. बाई उन्हातून पाखाडी चढून येते, धाप लागलेली असते, आणि रांग मोठी म्हणून लगेच पट्टा बांधतात. निदान पाच मिनिटं गप्प बसवायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीत तर पंधरा मिनिटं सांगितली आहेत. बसवायचं ते पाठ टेकेल अशा खुर्चीत, शाळेच्या बाकावर नव्हे. पाय जमिनीला सपाट लागले पाहिजेत. आपल्याकडच्या कितीतरी बुटक्या बायकांचे पाय प्लास्टिकच्या खुर्चीत लोंबकळतात, तेव्हा पायाखाली सरळ पाट द्यावा. दंड हृदयाच्या पातळीला, टेबलावर टेकलेला. हात त्याहून खाली राहिला तर दर दहा सेंटिमीटरला बीपीचा आकडा सात-आठ मिमी (पाऱ्याचे) उगाच वाढतो. बसवण्याआधी लघवीला जाऊन यायला सांगायचं, म्हणजे जिथे वापरता येण्याजोगं शौचालय आणि त्यात पाणी आहे अशीच जागा केंद्रासाठी निवडायची. जागा बघायला जाणारे पुरुष असले की हे हमखास राहून जातं.

मग ब्लाउज. घट्ट बाही वर सरकवली की तिचा दंडाला काच बसतो आणि आकडा बिघडतो. बाहीवरूनच पट्टा बांधला तरी बिघडतो. एक बाही पूर्ण काढायची किंवा पुढून उघडणारा सुती गाऊन द्यायचा, आणि त्यासाठी आधी पडदा हवा. दंडाचा घेर मोजून पट्टा निवडायचा: २२ ते २६ सेंमीला लहान, २७ ते ३४ ला मधला, ३५ ते ४४ ला मोठा. मधला एकच पट्टा सगळ्यांना चालवला तर जाड दंडाचं बीपी खऱ्यापेक्षा जास्त येतं आणि काटकुळ्या दंडाचं कमी. आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या बायका एकाच वाडीत असतात, म्हणजे एकाच पट्ट्याने दोन्हीकडून चुकतो. आधीच्या अर्ध्या तासात चहा झाला का, मिश्री लावली का, हे विचारायचं आणि तपासणीसाचा चेहरा न बदलता लिहायचं. मिश्रीबद्दल ‘अजून लावता?’ असा सूर लागला की पुढची प्रत्येक बाई ‘नाही’च सांगते.

तीन रीडिंग घ्यायची, पहिलं सोडून उरलेल्या दोनांची सरासरी धरायची. मधलं अंतर एक मिनिट की तीन, ते आधी ठरवायचं आणि शेवटच्या बाईपर्यंत तेच पाळायचं. रीडिंग चालू असताना बोलायचं नाही. कोकणात हे सर्वांत अवघड, कारण पट्टा फुगेस्तोवर ‘माहेर कुठचं तुझं?’ सुरू झालेलं असतं, आणि बोलण्याने वरचा आकडा सहज दहा मिमीच्या आसपास चढतो.

कमरेचा घेर हे दुसरं दुखणं. परकराची नाडी जिथे बांधतात तिथे वर्षानुवर्षांचा वळ पडलेला असतो, आणि टेप आपोआप त्या वळावरच जाऊन बसते. ती जागा चुकीची. बगलेतून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर शेवटच्या बरगडीची खालची कड चाचपायची, खुब्याच्या हाडाची वरची कड चाचपायची, दोन्हीकडे पेन्सिलने खूण करायची आणि बरोबर मधोमध टेप लावायची. बेंबीकडे बघायचं नाही. तीन-चार बाळंतपणांनंतर पोट ओघळलं की बेंबीही खाली सरकते. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी, म्हणून मागून बघायला दुसरी बाई लागते. आकडा घ्यायचा तो सहज सोडलेल्या श्वासाच्या शेवटी. टेप लागताच बाई पोट आत घेते, लाजेने असेल किंवा सवयीने. तिला दोन-तीन श्वास घेऊ द्यावे. भारतीय बायकांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेघ मानतात. नाडीच्या वळावर आणि मधल्या खुणेवर तीन-चार सेंमीचा फरक पडला की धडधाकट बाई धोक्याच्या रकान्यात जाते किंवा धोक्यातली बाहेर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत कंबर आणि नितंबाचा घेर पहिल्यांदा मोजला गेला. स्थानिक अभ्यासाला आपला आकडा त्याच्या शेजारी ठेवायचा असेल तर आधी त्यांनी टेप कुठे लावली ते वाचावं.

शिंप्याची कापडी टेप नकोच. ती ताणते, आणि आपल्या दमट हवेत लवकर ताणते. फायबरग्लासची घ्यावी आणि दर आठवड्याला पोलादी पट्टीशी ताडून बघावी. नऊवारी नेसलेल्या बाईचा नितंबाचा घेर कासोट्यावरून घेण्यात अर्थ नाही. केंद्राने पातळ परकर-गाऊन द्यावे, एकदा वजन करून ठेवलेले. पावसाळ्यात ते वाळत नाहीत, म्हणून हिशेबाच्या दुप्पट शिवून घ्यावे.

वजन-उंचीचं थोडक्यात. काटा जांभ्याच्या फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नये, खाली जाड प्लायवूड टाकून पातळी बघावी, आणि रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून तपासावा. उंचीच्या वेळी अंबाडा सोडायला लावावा, नाहीतर दोन सेंमी फुकट मिळतात. मंगळसूत्र मात्र काढायला लावू नये. १०० ग्रॅमच्या फरकाने मोजणाऱ्या काट्यावर त्याने काही बिघडत नाही, आणि बाईचा विश्वास मात्र तिथेच संपतो. गरोदर आहे का, गेल्या दोन महिन्यांत बाळंत झाली का, हे आधी आणि एकटीला विचारायचं. सासू शेजारी असताना विचारलं तर उत्तर सासूच देते.

क्रमही ठरलेला हवा. बीपी आधी, सुई नंतर. हाताच्या पकडीची ताकद बीपीनंतर, कोपर काटकोनात ठेवून, आणि प्रत्येकीला त्याच शब्दांत, त्याच आवाजात ‘जोर लावा’ म्हणून. एकीला प्रोत्साहन आणि दुसरीला नुसतं ‘दाबा’ असं चालत नाही. हिमोग्लोबिनसाठी मधलं किंवा अनामिकेचं बोट, स्पिरिट पूर्ण वाळल्यावर, पहिले दोन-तीन थेंब पुसून. बोट पिळायचं नाही, पिळलं की रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. काजू कारखान्यात काम करणाऱ्या बायकांची बोटं टरफलाच्या तेलाने भाजलेली, निबर झालेली असतात. तिथे बोटाची कड शोधावी लागते. रक्ताचा थेंब ज्या छोट्या पट्टीत घेतात त्या क्युवेटच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर आपली हवाच ती पट्टी खराब करते, म्हणून एक क्युवेट काढली की लगेच झाकण.

हे सगळं करायला डॉक्टरच लागतात असं नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी मोठी चाचणी केली, तीत १,५१,५३८ बायका होत्या आणि व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाची तपासणी डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हातात वळण आणि डोळ्यांत शिस्त असली की पदवी आड येत नाही. एक पथ्य मात्र पाळावं: ज्या वाडीत जिचं घर, त्या वाडीत तिने मोजू नये. आपलं वजन शेजारणीने पाहिलं हे कुठल्याच बाईला आवडत नाही. आकडा मोठ्याने ओरडायचाही नाही. मोजणारीने हळू सांगायचा, लिहिणारीने तसाच परत म्हणायचा.

यंत्रावर लाखो रुपये घालणाऱ्या संस्था प्रशिक्षणाला दोन दिवस देतात, हे मला पटत नाही. निदान एवढं करा: दहा बायका, दोन मोजणाऱ्या, प्रत्येकीने प्रत्येक बाई दोनदा मोजायची, आधीचा आकडा न बघता. दोन मापांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या, तिला बायकांच्या संख्येच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा. हा त्या हाताचा दोष. जिचा मोठा, तिने पुन्हा शिकायचं, मग ती कितीही ज्येष्ठ असो. हाताने फुगवायच्या यंत्रावर बीपी घेत असाल तर दर महिन्याला शेवटचे आकडे मोजा. दोन-दोनच्या खुणा असल्याने शून्याने संपणारी रीडिंग पाचात एक असायला हवीत. निम्मी तशी निघाली तर कोणीतरी १२०, १३० अंदाजाने लिहितंय.

१८०/११० च्या वर गेलेल्या किंवा हिमोग्लोबिन ८ च्या खाली असलेल्या बाईला त्याच दिवशी कुठे पाठवायचं, कोण नेणार, शेवटची एसटी किती वाजता, हे पहिल्या बाईला बोलावण्याआधी कागदावर असू द्या. आणि दुसऱ्या फेरीला यंत्र बदलावंच लागलं तर जुनं लगेच मोडीत काढू नका. तीस-चाळीस बायकांवर जुनं-नवं आलटून पालटून वापरा, दोघांतला फरक नोंदवा, आणि यापुढे प्रत्येक फॉर्मवर यंत्राचा क्रमांक लिहायला लावा.